पारड्यावरचं बोट

निवृत्त माणसाला कामावरून काढून टाकणं प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही शक्य नाही आणि म्हणून निवृत्ती ही मनुष्यजन्मातली एकमेव निर्भय अवस्था आहे, असं आजोबांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी स्वतःच्या निरोपसमारंभात मांडलं होतं, नंतर बागेतल्या बाकावर मांडलं होतं, न्हाव्याच्या खुर्चीत गालाला फेस लागलेला असताना मांडलं होतं, आणि ज्याला उठून पळता येत नाही अशा प्रत्येकापुढे संधी मिळेल तेव्हा मांडलं होतं. ब्रह्मदेवाला जे जमलं नसतं ते त्या सकाळी त्यांच्या सुनेनं चहा गाळता गाळता केलं.

"बाबा, रागावू नका हं," ती गाळणीकडे बघत म्हणाली. "व्यायाम शिकवणाऱ्या ताई विचारत होत्या, तुमच्याऐवजी दुसरं कोणी बसू शकेल का?"

"दुसरं कोणी म्हणजे?"

"खालच्या मजल्यावरच्या काकू. दुपारी मोकळ्या असतात."

"त्यांच्या हातात कपबशी टिकत नाही. पोर टिकेल?"

"तेच तर," सून म्हणाली आणि मग आपण भलतंच बोललो असं वाटून तिनं साखर ढवळायला घेतली, जी आधीच विरघळली होती. "म्हणजे तुमचे हात वाईट आहेत असं नाही म्हणाल्या त्या. जास्त होतायत म्हणाल्या. आजचा दिवस बघू, आज जमलं तर तुम्हीच. नाहीतर उद्यापासून काकू."

मीठ जास्त होतं, पाऊस जास्त होतो, पाहुणे तर होतातच. पण हात जास्त होतात हे आजोबांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांनी कपाभोवती धरलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. दोनच होते. सून ऑफिसला गेली, मुलगा तिच्याआधीच गेला होता, आणि आजोबा बराच वेळ थंड झालेला चहा धरून बसले. घरात त्यांना नेमून दिलेलं असं हे एकच काम होतं. भाजी आणायला जात, पण ती सुनेला पुन्हा निवडावी लागे. वर्तमानपत्र वाचत, पण त्यांनी वाचलं नसतं तरी ते छापून आलंच असतं. दुपारचा हा एक तास मात्र असा होता की त्यात त्यांच्यावाचून कोणाचं तरी अडत होतं, आणि ते कोणीतरी आत्ता आतल्या खोलीतून ओरडत होतं, "आजोबाऽ, पाऽणी. गार नको. गरम पण नको."

ही त्यांची नात. वय वर्षं सहा, घरातलं नाव फौजदार. शब्द तिच्या तोंडून सावकाश, ओढल्यासारखे निघत, पण एकदा निघाले की त्यांना परत पाठवायची कोणाची टाप नव्हती. पाय मात्र तिचं ऐकत नसत. उभं केलं की गुडघे एकमेकांना चिकटत, पाय कात्रीसारखे एकात एक अडकत आणि टाचा जमिनीला शिवायला नकार देत. डॉक्टर याला सेरेब्रल पाल्सी म्हणत. मेंदूतून पायांना हुकूम सुटतो, पण वाटेत त्याचा गोंधळ होतो आणि खाली पोचेपर्यंत भलत्याच हुकमाची अंमलबजावणी होते, असं डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं तेव्हा मुलगा आणि सून बावरून बघत राहिले होते. आजोबांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांची सगळी हयात सरकारी नोकरीत गेली होती.

या कामातलं जाणणारं केंद्र होतं, पण ते अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर. तिथं पोचेपर्यंत फौजदार इतकी दमलेली असायची की व्यायाम म्हणून ती फक्त झोपायची. मग कोणीतरी पडद्यावरच्या ताईंचं सांगितलं. ताई कुठल्याशा दूरच्या शहरात आपल्या खोलीत बसत आणि इकडे खुर्चीवर शब्दकोश, शब्दकोशावर टॅब अशा सिंहासनावरून दर्शन देत. दर्शन खांद्यांपर्यंतच. पायांच्या या तज्ज्ञ बाईंचे स्वतःचे पाय घरात कोणी पाहिले नव्हते. फौजदाराच्या मते त्यांना ते नव्हतेच, म्हणून तर त्या दुसऱ्यांच्या पायांमागे लागल्या होत्या. पहिल्याच दिवशी ताई म्हणाल्या होत्या, "मला इथून तिला हात लावता येत नाही, आजोबा. आता तुमचे हात तेच माझे हात." हे वाक्य आजोबांनी नेमणुकीच्या हुकमासारखं मनात घडी घालून ठेवलं होतं. टाच कुठे धरायची, मांडी किती हळू बाहेर वळवायची, पोटरी ताठली की ओढायचं नाही, नुसतं थांबायचं, तिनं सोडायची वाट बघायची, हे सगळं ते शिकले. ताईंनी अर्ध्या किलोची वाळूची पिशवी करा म्हटलं तर त्यांनी ती अशी करून दाखवली की ताई म्हणाल्या, "थोडं इकडेतिकडे चालतं हो." त्यावर आजोबा दुखावून म्हणाले होते, "इकडेतिकडे चालत नाही. अर्धा किलो म्हणजे अर्धा किलो."

कारण आजोबा वजनमाप निरीक्षक होते. बाजारात त्यांची चाहूल लागली की तराजूंच्या दांड्या आपोआप सरळ होत. लोकांना वाटे, लबाडी वजनात असते. दगड पोखरलेला, पारड्याखाली मेण लावलेलं. ते असायचंच, पण ती कच्च्या माणसाची कामं. पक्का माणूस काही करत नाही. तो गिऱ्हाइकाशी त्याच्या मुलाच्या परीक्षेबद्दल बोलतो, आणि बोलता बोलता त्याची करंगळी पारड्याच्या काठाला अशी टेकते की ती टेकली आहे हे तिलासुद्धा कळू नये. काटा मारणाऱ्याला पकडला की तो नेहमी एकच वाक्य म्हणे, "साहेब, लावलं नाही, नुसतं जवळ होतं." हे वाक्य आजोबांनी इतक्या तोंडून ऐकलं होतं की पुढे पुढे दुकानदारानं तोंड उघडायच्या आत ते स्वतःच ते पुरं करून दंडाची पावती फाडत. आणि गेल्या खेपेला, फौजदार टेबलाची कड धरून उभी असताना आणि आजोबांनी हात काढले आहेत असं पडद्यावर दिसत असताना, ताई डोळे बारीक करून म्हणाल्या होत्या, "आजोबा, तिचा फ्रॉक मागून कमरेपाशी चुरगळतोय कसा?" त्यावर स्वतःच्या तोंडून निघालेलं वाक्य आजोबांनी स्वतःच्याच कानांनी ऐकलं, "लावलं नाही हो, नुसतं जवळ होतं."

ताई हसल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मला इथून वाटतंय तिची कंबर सावरायला लागली. पण ती कंबर तुमची आहे." पावती न फाडता केलेला दंड जास्त झोंबतो हे आजोबांना त्या दिवशी कळलं. आणि तरीही बोट तिथं कसं गेलं हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. त्यांनी ते नेलं नव्हतं. ते गेलं होतं.

दुपारी त्यांनी फौजदाराला पाय सरळ ठेवणाऱ्या पट्ट्या चढवल्या, त्यावर बूट, बुटाच्या नाड्या. पट्टी पोटरीला घट्ट बसते की नाही हे बघायला ते एक बोट आत सरकवून पाहत. आज पाहताना त्या बोटाचा त्यांना संशय आला. पोराचा पाय हातात धरायला त्यांना या वयात यावं लागलं होतं. स्वतःच्या मुलाचे पाय कसे होते ते त्यांना आठवत नव्हतं. मुलाला ते उचलत, नाही असं नाही, पण उचलून जरासे वर-खाली करत आणि खाली ठेवत. बायको म्हणायची, "पोराला उचलता की वजन करता? पावती द्या आता त्याला." ती गेली तेव्हा मुलगा दाराशी उभा होता, आजोबा खिडकीशी, दोघांच्या मधे खोलीभर अंतर होतं आणि ते ओलांडायचं कसं याचा नियम दोघांनाही कोणी शिकवला नव्हता. मग फौजदार आली. वेळेच्या फार आधी, घाईघाईनं, आल्याबरोबर सगळ्यांना कामाला लावत आली आणि काचेच्या पेटीत जाऊन झोपली.

"आजोबा, नाडी. उलटी," फौजदार म्हणाली.

"उलटी नाही. तुला उलटी दिसते."

"मलाच घालायचेत बूट," ती म्हणाली, आणि आजोबांनी नाडी सोडून पुन्हा बांधली.

टॅबमध्ये ताई उगवल्या. नमस्कार झाले. पोटऱ्या झाल्या, मांड्या झाल्या, लोडावर पालथं पडून मान वर उचलणं झालं, ज्यात फौजदारानं ताईंना जीभ दाखवली आणि ताईंनी तिला आपली दाखवली. मग टेबल ओढलं गेलं, भोवती घरातल्या होत्या नव्हत्या त्या उशा पसरल्या, फौजदारानं दोन्ही हातांनी टेबलाची कड पकडली आणि आजोबा तिच्या मागे गुडघ्यांवर बसून दोन्ही तळव्यांत तिची कंबर धरून राहिले. तळव्यांना ती कंबर पाठ होती. उजवीकडचा भाग आधी दमायचा. दमायच्या आधी तिथं एक बारीक शिरशिरी यायची, चूल पेटण्याआधी काटकी तडकावी तशी.

"आता ऐका, आजोबा," ताई म्हणाल्या. "मी म्हटलं की हात काढायचे. पूर्ण. वीतभर लांब. मी सांगेपर्यंत परत लावायचे नाहीत. खरंच पडायला लागली तरच धरायचं. डुलेल ती. डुलू दे. डुलणं म्हणजे पडणं नव्हे."

"कळलं."

"कळतं तुम्हाला," ताई म्हणाल्या, "तुमच्या हातांना सांगा." आणि बोट उचलून म्हणाल्या, "चला, सोडा..."

आजोबांनी हात काढले. आणि त्याच क्षणी ताई गोठल्या. तोंड उघडं, बोट वर, एक डोळा अर्धा मिटलेला, अशा अवस्थेत त्या पडद्यावर स्थिर झाल्या आणि त्यांच्या नाकासमोर एक छोटं चक्र फिरू लागलं. नेट गेलं होतं. मी सांगेपर्यंत, असं म्हणणारी बाई सांगण्याच्या पलीकडे निघून गेली होती.

"ताईंचं तोंड... उघडंच राहिलं," फौजदार म्हणाली.

"हो."

"माशी जाईल."

तिची कंबर डाव्या अंगाला कलली. आजोबांचे हात पुढे झाले आणि हवेत अडले. अडले कसे हे त्यांना नंतरही सांगता आलं नसतं. कुठलासा जुना दरारा उपयोगी पडला असावा, पारड्याकडे जाणारी करंगळी त्यांच्या नजरेनं जागच्या जागी गोठायची तसे ते स्वतःच्याच नजरेनं गोठले. कंबर कलली, थरथरली, परत मधे आली, मग उजवीकडे. आणि आजोबांच्या छातीत ती दुसरी दुपार उघडली, जी ते कधीच उघडत नसत. त्या काचेच्या पेटीला गोल खिडक्या होत्या, हात घालण्यापुरत्या. नर्सनं त्यांचे हात कोपरापर्यंत धुवायला लावले होते आणि म्हटलं होतं, एकच बोट घाला, आजोबा, जास्त नको. आत जे झोपलं होतं त्याचं वजन त्यांनी सवयीनं डोळ्यांनी केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपलं माप चुकलेलं असावं असं वाटलं, इतकं कमी माणसाचं नसतं. त्यांनी बोट पुढे केलं. ती मूठ, जिला मूठ म्हणणंही जास्तच, ती त्या बोटाभोवती मिटली. मिटली म्हणजे धरलं. आजोबांना तोवर आयुष्यात पुष्कळांनी हात जोडले होते, काहींनी हात दाखवलाही होता, पण असं कोणी धरलं नव्हतं. किती वेळ झाला कोण जाणे. मग नर्स म्हणाली, "वेळ संपली, आजोबा. हात काढा आता." आणि त्यांनी काढला. सांगितलं म्हणून काढला. एक एक बोट सोडवावं लागलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मुलाला आणि सुनेला आत बोलावून मेंदूच्या फोटोतला डाग दाखवला.

त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे पोटात असतानाच झालं, जन्माच्याही आधी; कोणी काही केल्यानं झालं नाही आणि कोणी काही केलं असतं तर टळलं नसतं. आजोबांना ते पटलं होतं. मांजर आडवी गेली म्हणून परत फिरणाऱ्यांची त्यांनी जन्मभर टर उडवली होती, शेजाऱ्याच्या अंगठीतल्या खड्याचं वजन करून 'एवढ्याशा दगडाला शनी घाबरत असेल तर मला शनीची काळजी वाटते' असं त्याला तोंडावर सुनावलं होतं. डोक्यात त्यांच्या काही शंका नव्हती. पण हात डोक्याला विचारून वागत असते तर फौजदाराला तरी पट्ट्या कशाला लागल्या असत्या? हातांना एवढंच ठाऊक होतं की एकदा काढा म्हटलं, काढले, आणि मग पुढचं सगळं झालं. त्यांना कोणी समजावायचं, कुठल्या भाषेत? तेव्हापासून ते जवळ असत. नुसते जवळ असत.

"आजोबा."

"काय ग?"

"धरलंय?"

"नाही."

"खरं?"

"खरं."

"शप्पथ?" फौजदाराला मान वळवून मागे बघता येत नव्हतं, मान वळली तर हात सुटले असते. ती क्षणभर विचार करत राहिली. तिचा विचार मानेमागच्या त्या बारीक केसांतून दिसायचा. मग तिनं शब्द गोळा केले आणि पुरी ताकद लावून सोडले, "हात... वर!"

आजोबांनी हात वर केले.

"पुढे. मला... दिसू देत."

गुडघ्यांवर बसूनच त्यांनी दोन्ही हात तिच्या डोक्यावरून पुढे धरले, बोटं फाकून, तळवे तिच्याकडे, चोरानं आपल्यापाशी काही नाही हे दाखवावं तसे. आता तिची कंबर त्यांच्या हातांच्या आवाक्यात नव्हती. खाली पडलेल्या उशा होत्या, मधे ती होती, वर दहा रिकामी बोटं होती, आणि त्यातलं एकही कशाला टेकलेलं नव्हतं. फौजदारानं ती बोटं नीट पाहिली. एकही कमी नाही याची तिनं खात्री केली असावी, कारण तिनं एक मोठा श्वास सोडला आणि तिची पाठ, जी आजवर त्यांच्या तळव्यांवर रेलून असायची, ती आपल्याआपण थोडी वर आली.

ती डुलत होती. डावीकडे, मधे, उजवीकडे, मधे. आणि आजोबांना ते दिसलं. आयुष्यभर जे पाहत आले ते त्यांना इतक्या दिवसांत दिसलं नव्हतं. चांगला तराजू हात सोडल्याबरोबर स्थिर होत नाही. लगेच स्थिर झाला तर समजावं, कुठेतरी अडकलाय किंवा कोणी अडकवलाय. खरा काटा आधी थरथरतो, इकडे जातो, तिकडे जातो, बघणाऱ्याचा जीव खातो; उमेदवारीत आलेल्या पोरांना ते दरडावून सांगत, थरथरतोय तोवर हात लावू नका, तो खरं बोलायच्या तयारीत आहे. त्यांनी श्वास रोखला. डावीकडे जाणं कमी झालं. उजवीकडे ती शिरशिरी आली असणार, त्यांच्या तळव्यांना हवेतसुद्धा ती जाणवली, पण कमरेनं ती गिळली. मधे. जरा डावीकडे. मधे. टाचांपैकी एक, नेहमी रुसलेली डावी, बुटासकट हळूच जमिनीला टेकली आणि तिथंच राहिली.

"...जोबा? आजोबा, ऐकू येतंय का?" टॅबमधून आवाज आला. चित्र अजून तेच होतं, उघडं तोंड आणि वर केलेलं बोट, आणि त्या न हलणाऱ्या तोंडातून ताई घाबऱ्या आवाजात बोलत होत्या. "नेट गेलं होतं माझं. मला काही दिसत नाहीये तिकडचं. ती बसली का? पडली नाही ना?"

"उभी आहे," आजोबा म्हणाले. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही.

"अजून? तेव्हापासून?" मग अगदी निराळ्या सुरात, "आजोबा, मला दिसत नाहीये. तुम्ही सांगाल तेच मी धरणार. हात कुठे आहेत तुमचे?"

"वर!" फौजदारानं परस्पर उत्तर दिलं.

"कोणाचे वर?"

"आजोबांचे. मी... केले."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, जो त्या गोठलेल्या, करड्या चेहऱ्याला अजिबात शोभत नव्हता. "काकूंना निरोप पाठवू नका," ताई म्हणाल्या. "उद्याही तुम्हीच. आजोबा, आता धरू नका हं लगेच. तिला दमल्यासारखं वाटलं तर ती सांगेल. अजून थोडं. हात वरच राहू देत."

आजोबांनी हात वरच ठेवले. ते खांद्यांतून भरून आले होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. दुपारचं ऊन टेबलावर, फौजदाराच्या मनगटांवर आणि त्यांच्या फाकलेल्या बोटांवर सारखंच पडलं होतं. त्यांचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळे असून नव्हते. त्यांच्या मनात एक वाक्य जुळून येऊ लागलं. मोठं वाक्य होतं. त्यात मनुष्यजन्म होता, सोडणं आणि धरणं होतं, तराजू होता, बायको असती तर काय म्हणाली असती तेही होतं. संध्याकाळी मुलगा दारातून आत आला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणायचं असं त्यांनी ठरवूनही टाकलं. वाक्याची सुरुवात छान झाली होती. त्यांनी घसा खाकरला.

"आजोबा," फौजदार म्हणाली. दोन्ही हात टेबलाला घट्ट, मान ताठ, नजर समोर.

"काय ग राणी?"

"नाक... खाजवा ना माझं," ती म्हणाली. "वरून. आत नको."